तुमच्या परसातलं भिरंडाचं झाड

विहिरीकाठची: शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात भिरंडांचे, म्हणजे कोकमांचे, वाटे मांडलेले दिसले. एक फोडून बघितलं, आणि नखं जांभळी झाली ती अजून तशीच आहेत. रात्री भात कालवताना तीच नखं दिसली आणि आजी आठवली.

मी दुसरीत असताना आजीने विहिरीमागे भिरंडाची बी पुरली. नऊ वर्षांनी, ऐन थंडीत, झाड पहिल्यांदा फुललं. चार-चार, सहा-सहा फुलांचे घोस. आम्ही पोरं रोज मोजायचो. पंधरा दिवसांत सगळी फुलं गळून खाली सडा. पुढच्या वर्षीही तेच. शेवटी शेजारच्या काकांनी एक फूल तळहातावर उकललं. आत नुसते पुंकेसर. म्हणाले, "दादलो गो हो!" म्हणजे नर, फळ न धरणारा.

बाबांनी कोयता काढला. आजी झाडाला पाठ लावून उभी राहिली. "रावूं दी. गांवच्या भिरंडांचो बापूय तो."

आजी जाऊन अकरा वर्षं झाली. झाड आहे. तुमच्या घरच्या झाडांचं सांगा ना.

माडाखाली: बापूय वाचून गळा दाटला. आमच्याकडे नर-मादी जोडीने होती. जागा हवी म्हणून सासऱ्यांनी नर काढला. पुढची दोन वर्षं मादीला पाव पटसुद्धा फळ धरलं नाही. तेव्हा सगळ्यांना कळलं. तुझी आजी शहाणी होती गो.

सत्तरीतला: आमच्याकडे फळ धरतं भरपूर, पण पिकायच्या आधी माकडं येतात. काल सकाळी अठरा होती, वरच्या फांदीवरून उतरली.

डिचोलीची सून: मी 2014 साली कलम आणलं. झाड वर जायलाच तयार नाही, झुडपासारखं जमिनीवर पसरलं. रोज दोरीने बांधून उभं करायचे. रोपवाल्याला विचारल्यावर त्याने "खत घाला" एवढंच सांगितलं. चार वर्षं खत घातलं. कोणाला असा अनुभव?

कलमवाला: ताई, खताचा दोष नाही. कलमाची काडी आडव्या फांदीची घेतली असणार. भिरंडाचं असंच असतं, आडव्या फांदीची काडी आडवीच वाढते. काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याचीच हवी. विकत घेताना हे आवर्जून विचारा.

आणि बी लावणाऱ्यांसाठी: बियांची साधारण निम्मी रोपं नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. मादीच्या काडीचं कलम चार-पाच वर्षांत धरतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' 1997 सालची जात, ती चांगली आहे. मात्र आसपास एखादा नर हवाच. वीस फुटांचं अंतर ठेवा, पहिले दोन उन्हाळे सावली आणि पाणी द्या. नंतर झाड तुम्हाला काही मागत नाही.

विहिरीकाठची ताई, तुमच्या नरावरही मादीची काडी बांधता येते. पण मी बांधणार नाही.

विहिरीकाठची: मीही नाही बांधणार दादा. 🙏

काणकोणकर: सोलांचं कोणीच लिहिलं नाही! आमच्या आईची पद्धत: साल वेगळी, गर-बिया वेगळ्या. गराच्या रसात मीठ, त्यात साली बुडवून उन्हात. संध्याकाळी परत रसात, सकाळी परत उन्हात. पाच-सहा पुटं चढली की सोल काळं-जांभळं, मऊ. एका मे महिन्यात दुपारी तीनला पाऊस आला. आई अंगणात भाकरीच्या पिठाच्या हातांनी धावली, सुपं उचलली, तरी अर्धी सोलं भिजली. त्या रात्री जेवली नाही. मी तेव्हा हसलो होतो. आता दरवर्षी मेमध्ये आभाळाकडे बघतो.

माडाखाली: पाच-सहा पुटं? आम्ही तीनच.

काणकोणकर: म्हणून तुमच्या कढीला रंग येत नसेल काकी 😄

माडाखाली: रंग येतो हो. आमची फुटी कढी, खोबरं नाही, लसूण-मिरची-हिंग, वर कोथिंबीर. एकदा जेवायला या.

फोंड्याची: सोलकढी म्हणजे खोबऱ्याचा रस घालूनच. बाकी कढीला आमच्याकडे कोणी हात लावत नाही.

सत्तरीतला: आता धागा कढीवर गेला. बिया टाकू नका मात्र. वाळवून कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर जे तेल तरंगतं ते गार झालं की घट्ट होतं. भिरंडेल. आजोबांच्या टाचेच्या भेगा त्यानेच भरायच्या. थंडीत दिव्यावर वितळवून लावायचे, आणि घरभर तो वास.

फोंड्याची: कुणाकडे भिरंडेल आहे का हो? माझ्या आईच्या टाचा फार फुटल्यात, मलमाने काही होत नाही.

काणकोणकर: आहे, गेल्या वर्षीचं. दोन गोळे देतो.

डिचोलीची सून: कलमवाले दादा, आडवं झालेलं आता काढून टाकू का? दोन वर्षांपूर्वी सात फळं धरली होती.

कलमवाला: सात धरली तर ते काढू नका. शेजारी नवीन लावा, जूनचा पहिला पाऊस पडला की. खड्डा आत्ताच काढून ठेवा, दोन फूट खोल.

डिचोलीची सून: खड्डा उद्याच काढते. सात फळांचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला रस, केलं होतं, एक वाटी निघालं. नवऱ्याला आणि मुलीला सरबत करून दिलं, मी वाटी पुसून घेतली.

विहिरीकाठची: शुक्रवारी म्हापशाला आलात तर सांगा. मासळी बाजाराच्या बाजूला मी असते सकाळी नऊला. बिया आणते, ज्यांना हव्यात त्यांना.