मदत हवी आहे: ऑपअँपचं आउटपुट साडेसात व्होल्टवर अडकलंय

मंडळी, ९ व्होल्टच्या एकाच बॅटरीवर एलएम३५८ हा ऑपअँप (सिग्नल मोठा करणारा आयसी) लावून कंडेन्सर माइकचा प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) ब्रेडबोर्डवर जोडलाय. प्लस इनपुटला १०० के-१०० केच्या (किलोओहमच्या दोन रेझिस्टरच्या) डिव्हायडरने व्होल्टेज अर्धं करून साडेचार व्होल्ट दिलेत, तिथेच माइक ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून येतो. फीडबॅकला (आउटपुटपासून मायनस इनपुटला) १०० के, मायनस इनपुटपासून ग्राउंडला सरळ १ के. आउटपुट साडेसातच्या आसपास ठाण मांडून बसलंय, आवाज शून्य. आयसी बदलला, तरी तेच. (बिचारा उगाच बदनाम झाला.)

शंका त्या १ केचीच येतेय. साडेचार व्होल्टही १०१ पट व्हायला बघत असणार ना? त्याच्या आणि ग्राउंडच्या मध्ये १० मायक्रोफॅरड टाकला तर डीसी गेन (स्थिर व्होल्टेज किती पट होतं ते) १ होईल, कटऑफ (ज्याच्याखाली गेन घटत जातो ती फ्रिक्वेन्सी) साधारण १६ हर्ट्झ. बरोबर? आणि खरखर घालवायला डिव्हायडरच्या मध्यावर ४७ मायक्रोफॅरड लावला तर माइकचा सिग्नलही ग्राउंडला जाईल. मग तिथून प्लस इनपुटपर्यंत वेगळा १०० के घालायचा का?