चेन लावली तरी मागून उघडते, दाते मात्र शाबूत

प्रश्न: बॅगेची नायलॉनची चेन आहे. रनर पुढे सरकतो, पण मागे दाते जुळत नाहीत. एकही दाता तुटलेला नाही. पूर्ण चेन बदलावी का?

उत्तर १: नको, झिजलाय तो रनर. ठासून भरलेल्या बॅगेवर ओढताना त्याच्या वरच्या-खालच्या पट्ट्या किंचित फाकतात, मग दाते एकमेकांत दाबले जात नाहीत. रनर चेनच्या सुरुवातीला आणा. जुळलेली चेन जिथून बाहेर पडते, त्या टोकाच्या दोन्ही कडा बारीक पक्कडीने आळीपाळीने हलकेच दाबा. दर दाबानंतर ओढून पाहा.

उत्तर २: जोर बेतानेच! रनर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो; फार दाबला तर तडकतो, नाहीतर अडकून बसतो.

उत्तर ३: पुन्हा फाकला तर नवाच घाला. पाठीवर 3, 5, 8 असा आकडा असतो, म्हणजे जुळलेल्या दात्यांची साधारण रुंदी मिलिमीटरमध्ये. आकडा तोच असला तरी धातूच्या चेनचा रनर नायलॉनला चालत नाही. आणि तेल नको, धूळ धरतं. मेणबत्ती घासा.

प्रश्नकर्ता: उजवी कडाच जास्त फाकली होती. दाबली, चेन लागतेय.