वर्षं पळतात ती वयामुळे की रोज तेच ते करण्यामुळे?

डोंबिवलीकर: पुढच्या महिन्यात बावन्न पूर्ण होतील. पंचवीस वर्षं सकाळची फास्ट लोकल, तीच चौथी सीट, तेच ऑफिस. गेली दहा वर्षं कुठे गेली, सांगता येत नाही. पण चौथीच्या मे महिन्यात आजोळी लावलेली आंब्याची अढी अजून नाकात आहे. माझं ठाम मत: दोष वयाचा नाही. नवं काही घडलं तरच ते लक्षात राहतं, बाकीचे दिवस एकमेकांत मिसळून जातात. आपण शिकणं सोडतो, म्हणून वर्षं पळतात.

परळकर: मला नाही पटत. पॉल जाने या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८७७ मध्येच सांगितलंय: दहा वर्षांच्या पोराला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा, पन्नाशीतल्या माणसाला पन्नासावा. साठीत मी पोहायला शिकलो, तबल्याचा क्लास लावला. तरी गणपती गेले की लगेच गणपती येतात! उगाच लोकांना अपराधी वाटायला लावू नका.

गिरणगावची लेक: काका, मग माझ्या वडिलांचं काय? १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते. तुमच्या हिशेबाने ते वर्ष भुर्रकन जायला हवं. चाळीच्या गॅलरीत बसून ते भोंग्याची वाट बघायचे, दुपार सरता सरायची नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० मध्ये हा फरक मांडला होता: रिकामा वेळ जाताना लांबतो, मागे वळून पाहिलं की आखडतो. भरलेल्या वेळाचं नेमकं उलटं. तुम्ही दोघं फक्त मागे वळून मोजताय.

संप लांबला तशी आईने घरातच खानावळ सुरू केली. घरात कधी पेला न उचललेला माणूस तिच्या हाताखाली भाकरी थापायला शिकला. पहिल्या कितीतरी भाकऱ्या फाटल्या.

डोंबिवलीकर: ताई, म्हणजे माझंच म्हणणं खरं. नवं शिकले ना ते!

गिरणगावची लेक: शिकले महिनाभरात. पुढची अठरा वर्षं रोज तेच, पहाटे पाचला परात. पण पूर्वी घरात फक्त हुकूम सोडणारे बाबा, भाकरी थापता थापता आईला विचारू लागले, "तू दमलीस का?" ही वाढ त्या तेच-तेपणातच झाली. तुमच्या लोकलमधल्या वर्षांत असं काहीच घडलं नसेल, हे मी मानणार नाही.

परळकर: जाने यांच्या गणितात ती गॅलरीतली दुपार बसत नाही, हे कबूल. गणपतींबद्दल मात्र मी मागे हटत नाही.