मदत हवी आहे: पोटरीतली नसांची गाठ, इंजेक्शन किती वेळा घ्यावं लागतं?

चिंतातुर_बाबा: मुलीच्या डाव्या पोटरीत गाठ आहे. रिपोर्टमध्ये 'कॅव्हर्नस हिमँजिओमा' (रक्तवाहिन्यांची गाठ) लिहिलंय. सर्जन म्हणतात कापायचं नाही, इंजेक्शनने बसेल. किती वेळा? शाळा किती दिवस बुडेल? लवकर सांगा, परवा तारीख घ्यायचीय.

नाडीपरीक्षा: वय? डॉपलरमध्ये (रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी) प्रवाह मंद की वेगवान? पाय वर केल्यावर गाठ बसते का?

गोळीवाला: हिमँजिओमाला प्रोप्रॅनोलॉल हे औषध असतं की. सुया कशाला?

नाडीपरीक्षा: ते तान्ह्या बाळांच्या हिमँजिओमाला. इथे काडीचा उपयोग नाही.

चिंतातुर_बाबा: ११ वर्षं. पाय खाली सोडला की फुगते. 'स्लो फ्लो'. एमआरआयमध्ये गोल काळे ठिपके.

फोम२०: ठिपके म्हणजे बहुतेक फ्लेबोलिथ, रक्त साकळून झालेले खडे. म्हणजे ही व्हीनस मालफॉर्मेशन, जन्मतःच चुकीच्या घडलेल्या शिरांची गाठ. रिपोर्टमधलं नाव जुनं आहे. सोनोग्राफीवर बघत सुई घालतात, डाय (एक्स-रेवर दिसणारं द्रव्य) सोडून तो खोल नसेत पळत नाही ना ते बघतात, मग नस आतून बंद करणाऱ्या औषधाचा फेस सोडतात. दोन सिरिंजा थ्री-वे तोटीला जोडून १ भाग टेट्राडेसिल (तेच औषध), ४ भाग हवा, २० वेळा इकडून तिकडे. दोन-तीन मिनिटांत फेस फुटायला लागतो, म्हणून आयत्या वेळी करतात. साधारण दोन ते पाच वेळा, मध्ये ६-८ आठवडे. सूज आठवडा-दोन आठवडे. पहिल्या दिवशी लघवी कोकमासारखी लाल झाली (रक्तपेशी फुटल्यामुळे) तर लगेच कळवा, सलाइन वाढवतात.

स्पिरिट: फोमने गाठ परत भरते. अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल एकदाच, काम फत्ते.

फोम२०: पोटरीत नसेच्या शेजारी मज्जातंतू असतो, अल्कोहोलने पाऊल लुळं पडू शकतं. कातडीही जळते. पहिल्याच फेरीला कशाला?

लेझरप्रेमी: व्हेरिकोजला लेझर करून घ्या, संध्याकाळी घरी.

नाडीपरीक्षा: व्हेरिकोज कोणी विचारलंय? बाबा, डी-डायमर आणि फायब्रिनोजेन (गाठीत रक्त साकळतंय का ते सांगणाऱ्या रक्ततपासण्या) तपासलंय? डायमर चढा आणि फायब्रिनोजेन कमी असेल तर आधी रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा. कधी कधी आधी हेपॅरिन (रक्त साकळू न देणारं औषध) द्यावं लागतं. आणि तिची टाच जमिनीला टेकते ना?

चिंतातुर_बाबा: रक्ताचं काहीच सांगितलं नव्हतं. टाच सकाळी टेकत नाही, चवड्यावर चालते. त्याचा काय संबंध?

नाडीपरीक्षा: गाठ स्नायूत असली की तो आखडतो. नुसतं इंजेक्शन पुरणार नाही, फिजिओथेरपीही लागेल. परवा हे आधी सांगा, तारीख नंतर घ्या.