मशेरी, विडी आणि पोरांच्या नाकातला धूर : अनुभव धागा

वाईची सून :
शेजारच्या वाड्यातून आज मशेरी भाजल्याचा वास आला आणि जुन्या चौकातल्या दुपारी आठवल्या. तंबाखू तव्यावर टाकायची, मंद आचेवर काळी होईस्तोवर परतायची, गार झाली की चुरायची. तेव्हा जो धूर सुटतो तो विडीच्या धुराचा सख्खा भाऊ. भाजायची वेळ नेमकी पोरं घरी असताना. सिगरेटवर सगळे बोलतात, या तव्यावर कुणी बोलत नाही. घर, शाळा, एसटी, ऊसतोडीची कोपी (झोपडी), जिथलं नीट माहीत आहे तिथलं लिहा. उपदेश नको, कामाचं हवं.

कृष्णाकाठ :
"मी खिडकीत उभा राहून ओढतो" हे सगळ्यात फसवं. दोन झुरक्यांच्या मधे सिगरेट नुसती जळत असते. पेटत्या टोकाचा तो धूर फिल्टरमधून जातच नाही, आणि घरात साठतो त्यात मोठा वाटा त्याचाच. वारं आत येत असेल तर सगळा खोलीत. कण अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक, दिसेनासे झाले तरी काही तास हवेत असतात. पंखा लावला की नुसता पसरतो. वर उदबत्ती लावतात, म्हणजे धुरात आणखी धूर. गादी, पडदे निकोटीन धरून बसतात आणि रांगतं पोर तेच हात तोंडात घालतं. तान्ह्याचा श्वासही मोठ्या माणसाच्या दुपटीनं चालतो. ओढायचीच असेल तर घराबाहेर, दारापासून लांब. आल्यावर हात धुऊन, शर्ट बदलून मग बाळ घ्यायचं. यानं सगळं भागत नाही, पण खिडकीपेक्षा बरं.

माणदेशी :
विडीला हलकं समजू नका. आत तंबाखू जेमतेम पाव ग्रॅम, सिगरेटीत त्याच्या तिप्पट. पण तेंदूच्या पानातून हवा जात नाही, विडी सारखी विझते, म्हणून खोल आणि भराभर ओढावी लागते. टार आणि कार्बन मोनॉक्साइड उलट जास्तच जातं आत.

मिरजेचा तंबोरा :
पानाची असतीय म्हंजे पालेभाजीच की वो :-)

माणदेशी :
मग भाकरीबरोबर घ्या एक बंडल.

खडूफळा :
शाळेभोवती १०० यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे, त्या अंतराचं लिहितो. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. सगळे चुकतात ते गेटपासून रस्त्यानं मोजून. नियमात अंतर त्रिज्येनं आहे, आणि तेही कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून. मागच्या भिंतीला चिकटलेली टपरी गेटपासून रस्त्यानं दीडशे मीटर भरली तरी हद्दीतच येते. ३० मीटरचा टेप तीनदा लावा, वर दीड मीटर धरा. मधे घरं आली तर फोनच्या नकाशात अंतर मोजायची सोय आहे. हद्दीची पिवळी रेघ दिवाळीच्या सुट्टीनंतर मारा, रस्ता कोरडा असताना, आधी धूळ झाडून. मे महिन्यात मारलेली साताऱ्याच्या पावसात टिकत नाही. नवं डांबर पडलं की परत पहिल्यापासून.
धूम्रपानबंदीची पाटी किमान ६० बाय ३० सेंटीमीटर, पांढऱ्या रंगावर. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव त्यावर लागतं. बहुतेक पाट्यांवर नेमकी तीच जागा कोरी. आवारात कुणी ओढत असेल तर २०० रुपयांपर्यंतचा दंड मुख्याध्यापकही करू शकतात, पण पावतीपुस्तकच मागवलेलं नसतं.

कोयनेची लेक :
तव्याचं विचारायचं राहिलं. त्याच तव्यावर भाकरी?

वाईची सून :
छे, मशेरीचा फुटका तवा वेगळाच असतो. चुलीमागं उभा.

कराडची ताई :
वयाचं बघा. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात १३ ते १५ वयाच्या भारतीय विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखू वापरणारे निघाले. सुरुवातीचं मध्यक वय सिगरेटला ११.५, विडीला १०.५, खायच्या तंबाखूला ९.९. म्हणजे पाचवी-सहावी. आणि आपण व्याख्यान ठेवतो नववीला!
"बाळा, नाक्यावरनं बंडल आण" हे आधी थांबवा, दुकानदाराशी ओळख तिथंच होते. मुलाला विकलं तर कोटपाच्या (तंबाखू नियंत्रण कायद्याच्या) कलम ६ खाली २०० रुपयांपर्यंत दंड. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७ मात्र ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड सांगतं. तक्रारीत दोन्ही कलमं लिहा, नाहीतर २०० वर मिटतं.
पाकीट फोडून एकेक सुटी सिगरेट विकणं राज्यात सप्टेंबर २०२० पासून बंद आहे. सुटी घेतली की पाकिटाच्या ८५ टक्के जागेवरचा इशारा दिसत नाही, आणि खाऊच्या पैशात बसते. टपरीला दोरीनं लायटर लटकलेला दिसला की समजा.

फडावरचा :
कोपीत वेगळंच गणित. खिडकी नाही, आत चूल, त्यात विडी. पोराची झोळी आढ्याला उंच बांधतात आणि धूर वरच साचतो, म्हणजे पोर बरोबर धुरात. झोळी दिवसा बाहेर झाडाला, चूल दाराबाहेर आडोशाला. थोटूक पाण्यात विझवायचं, भोवती सगळं पाचट असतं.

मिरजेचा तंबोरा :
आता चेष्टा न्हाई. विडी सोडायचा निकोटीनचा च्युइंगम मिळतो त्यानं काय हुतंय का?

कृष्णाकाठ :
होतं, पण लोक साध्या च्युइंगमसारखा चघळतात, लाळ गिळतात, मग उचकी आणि पोटात आग. सावकाश चावायचा, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, चव गेली की परत चावायचा. अर्धा तास चालतो. आधी पंधरा मिनिटं चहा नको. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात पहिली लागत असेल तर २ मिलिग्रॅम पुरत नाही, ४ चा डॉक्टरांना विचारा. अठराच्या आतल्या पोराला स्वतःच्या मनानं देऊ नका. १८००-११-२३५६ ही सरकारी लाईन फुकट आहे. पहिले तीन दिवस जड, पण एकेक तलफ पाचेक मिनिटांत ओसरते.

कोयनेची लेक :
ई-सिगरेट पेनड्राइव्हसारखी असते ना? दप्तरात सापडली तर ओळखायची कशी?

खडूफळा :
चार्जिंगचं भोक असतं, पण फोनला लावल्यावर फाईल दिसत नाही. गोड फळाचा वास. २०१९ पासून विक्री आणि साठा दोन्ही गुन्हा.

वाईची सून :
खडूफळा, पाचगणीसारख्या चढावर टेप कसा धरायचा?

खडूफळा :
जमिनीवर टाकू नका, आडवा ताणून धरा. उतारावर टाकला की आकडा फुगतो, आणि फुगलेला आकडा टपरीवाल्याच्या सोयीचा.