भाजलेल्या जखमेवर मधाचे ड्रेसिंग: आईसाठी सल्ला हवा आहे (नागपूर)

नमस्कार. माझी आई 63 वर्षांची असून आम्ही नागपुरात महाल भागात राहतो. 9 दिवसांपूर्वी गोळाभातावर घालायला कडकडीत तापवलेले फोडणीचे तेल तिच्या उजव्या हातावर सांडले. मनगटापासून कोपराच्या थोडे खालपर्यंतचा भाग भाजला आणि पंजाच्या पाठीवर मोठे फोड आले. मे महिन्यात आमच्या छतावरच्या टाकीचे पाणी दुपारी हात पोळेल इतके तापलेले असते, म्हणून शेजारच्या काकूंनी प्रसंगावधान राखून तिच्या बांगड्या लगेच उतरवल्या आणि माठातले पाणी सुमारे 20 मिनिटे हातावर ओतत ठेवले. हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ यांपैकी काहीही लावू दिले नाही, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

डॉक्टरांनी ही भाजणी दुसऱ्या दर्जाची आहे, म्हणजे त्वचेच्या वरच्या थराखालीही इजा पोचली आहे पण पूर्ण जाडी जळलेली नाही, असे सांगितले. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आणि सिल्व्हर सल्फाडायझीनचे मलम लावून रोज पट्टी बदलणे सुरू आहे. अडचण अशी की मलम आणि जखमेतून पाझरणारे पाणी यांचा पांढरट, चिकट थर जखमेवर जमतो. तो काढताना आईला असह्य वेदना होतात आणि खाली जखम भरते आहे की चिघळते आहे हेही आम्हाला नीट दिसत नाही. तिला 11 वर्षांपासून मधुमेह आहे, त्यामुळे काळजी अधिक वाटते.

अशा वेळी माझी आत्या गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधहून आग्या मोहोळाच्या मधाची बाटली घेऊन आली. तिच्या माहेरी आणि सासरी भाजल्यावर मधच लावतात, आणि सुश्रुताने भाजण्याचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार सांगून मध-तुपाचे उपचार दिले आहेत, हे ती खात्रीने सांगते. तिचे म्हणणे मी उडवून लावले नाही, कारण शोध घेतल्यावर जे हाती आले ते मला महत्त्वाचे वाटले. महाराष्ट्रातीलच शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांनी 1991 मध्ये 104 रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात मध लावलेल्या 52 रुग्णांपैकी 87 टक्के रुग्णांच्या जखमा 15 दिवसांत भरल्या, तर सिल्व्हर सल्फाडायझीन लावलेल्यांमध्ये हे प्रमाण 10 टक्के होते. मात्र 2015 च्या कॉक्रेन समीक्षेत, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, नेमका भेद केलेला आहे: साध्या पारंपरिक ड्रेसिंगच्या तुलनेत मधाने अर्धवट जाडीची (म्हणजे आईसारखी दुसऱ्या दर्जाची) भाजणी 4 ते 5 दिवस आधी भरते, याला चांगला पुरावा आहे, सिल्व्हर सल्फाडायझीनशी केलेल्या तुलनेत मात्र पुरावा फार कमकुवत आहे. आमचा प्रश्न नेमका या दुसऱ्या तुलनेचा आहे.

त्यातच काल बाटलीचे झाकण उघडताना 'फुस्स' आवाज झाला आणि वर फेस दिसला. हा मध आंबला असावा का? तो गाळून किंवा गरम करून वापरता येईल का? मधुमेही व्यक्तीच्या जखमेवर मध लावल्याने रक्तातील साखर वाढते का? आणि 45 अंशांच्या उन्हाळ्यात मध पट्टीखाली टिकतो तरी का? डॉक्टरांकडे परवा जायचे आहे. त्यांच्यासमोर हा विषय कसा मांडावा, हेही ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, मी जळीत रुग्णांच्या विभागात 19 वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे. सर्वप्रथम, आत्याबाईंच्या बाटलीतला मध आईंच्या जखमेवर लावू नका. मोहोळ हाताने पिळले की मधात अंडी-अळ्यांचा रस, परागकण, मेणाचे कण आणि जास्तीचे पाणी उतरते. 20 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी असलेला मध सहज आंबतो, आणि तुमच्या बाटलीतला फेस त्याचेच लक्षण आहे. हा दोष मधमाश्यांचा किंवा आत्याबाईंचा नाही, मध काढण्याच्या पद्धतीचा आहे. (वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने आग्या मोहोळातून माश्या न मारता स्वच्छ मध काढण्याचे शिक्षण दिले आहे, परंतु तो मधही खाण्यासाठीच आहे.) दुकानातल्या मधावरही विसंबू नये, कारण 2020 मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने केलेल्या तपासणीत बहुतेक नमुन्यांत साखरेच्या पाकाची भेसळ आढळली होती.

मध गरम करणे तर अजिबात योग्य नाही. मधातील ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) जखमेतील पाण्याशी संपर्क आल्यावर सावकाश हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते आणि त्याने जंतू मरतात; उष्णतेने ते विकर नष्ट होते, पण मधात असू शकणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या विषारी जिवाणूचे बीजाणू स्वयंपाकघरातल्या आचेने मरत नाहीत. म्हणूनच वैद्यकीय वापराचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात, कारण त्यात बीजाणू मरतात आणि विकर शिल्लक राहते. न्यूझीलंडच्या मानुका मधात याशिवाय मिथाइलग्लायऑक्सल हा जंतुनाशक घटक असतो, म्हणून त्याची ड्रेसिंग अधिक प्रचलित आहेत. मधाची आम्लता आणि पाणी शोषून घेण्याची ताकदही जखम स्वच्छ ठेवायला मदत करते, परंतु त्याच कारणाने सुरुवातीला चुरचुरते. आईंना आधीच सांगून ठेवावे.

डॉक्टरांनी होकार दिला तर मध थेट जखमेवर ओतायचा नसतो, तो पट्टीवर पसरवतात. 10 सेंमी लांब-रुंद पट्टीला साधारण 20 मिलिलिटर लागतो आणि वर शोषक पट्टी असावी लागते. आपल्या उन्हाळ्यात पातळ मध कोपराकडे ओघळतो, म्हणून अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासून बनवलेल्या शोषक) पट्टीत मुरवलेला किंवा जेलच्या स्वरूपातील मध मागावा. पट्टी चिकटली तर निर्जंतुक सलाइनने भिजवून काढावी; ओढून काढल्यास नव्याने आलेली कोवळी त्वचा निघते. लावलेल्या मधामुळे साखर वाढल्याचे मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही, तरीही ग्लुकोमीटरने रोज नोंद ठेवा, कारण वाढलेली साखर स्वतःच जखम भरू देत नाही.

मेण आणि तीळतेलाचे सिक्थ तेल जखम पूर्ण मिटल्यावर कोरड्या त्वचेसाठी ठीक आहे. प्रोपोलिस (मधमाश्यांनी गोळा केलेला झाडांचा चिकट राळेसारखा पदार्थ) मात्र उघड्या जखमेवर लावू नका, त्याची ॲलर्जी अनेकांना होते. पंजाची भाजणी असल्याने बोटांची हालचाल आजपासूनच डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावी, नाहीतर जखम भरूनही मूठ मिटत नाही. ताप, दुर्गंध, पसरणारी लाली किंवा वाढत्या वेदना दिसल्या तर परवाची वाट पाहू नका. तीन आठवड्यांत जखम भरली नाही तर त्वचारोपणाचा विचार करावा लागतो.

धागाकर्तीचे उत्तर

आपण इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. आज सकाळी सूज थोडी जास्त वाटली म्हणून आम्ही परवाची वाट न पाहता डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सलाइनने थर मऊ करून काढला. खालची जखम गुलाबी आणि ओलसर होती, संसर्ग नव्हता. मधाच्या ड्रेसिंगविषयी विचारले तेव्हा त्यांनी नाराजी न दाखवता पंजाच्या पाठीवर मधाची अल्जिनेट पट्टी आणि उरलेल्या भागावर सध्याचेच मलम असे पाच दिवस करून पाहण्यास सांगितले. आत्याला हे समजावताना माझा घसा दाटून आला, पण तिने बाटली स्वतःच उचलून बाजूला ठेवली आणि आईच्या बोटांचा व्यायाम घेण्याचे काम मागून घेतले.

आता एकच प्रश्न उरला आहे: गांधीबागेच्या दवा बाजारात निर्जंतुक मधाची अल्जिनेट पट्टी सुटी मिळते का, की पूर्ण खोकेच घ्यावे लागते? गेल्या काही महिन्यांत कोणी घेतली असल्यास कृपया कळवावे; उद्या सकाळीच जाणार आहे.