अळंबी, भूछत्र की मशरूम? आणि तिला ‘पौष्टिक’ म्हणावे काय?

मूळ प्रश्न (विलेपार्ले)

आमच्या गृहनिर्माण संस्थेचे महिला मंडळ घरगुती पाककृतींची एक छोटी पुस्तिका काढत आहे आणि तिचे मुद्रितशोधन माझ्याकडे आले आहे. त्यात ‘पौष्टिक मशरूम मसाला’ असे एक शीर्षक आहे. बाकी सारी शीर्षके मराठी असल्यामुळे मी ‘मशरूम’ऐवजी ‘अळंबी’ सुचवले. त्यावर मंडळातील एका ज्येष्ठ काकूंचे म्हणणे असे पडले की, अळंबी म्हणजे पावसाळ्यात रानात उगवते ती. वाण्याकडच्या पाकिटातल्या पांढऱ्या गोळ्यांना तो शब्द लावणे म्हणजे वाचणाऱ्याची दिशाभूल आहे. दुसऱ्या एका सभासदांनी ‘भूछत्र’ हा शब्द पुढे केला, तर तिसऱ्यांना ‘पौष्टिक’ हाच शब्द खटकला, कारण त्यांच्या मते पौष्टिक म्हणजे डिंकाचे लाडू, आणि मशरूमने काही अंगाला लागत नाही. या दोन्ही शब्दांविषयी जाणकारांनी मत द्यावे, ही विनंती.

वसई

काकूंचे म्हणणे वापराच्या दृष्टीने बरोबर आहे, पण ते आता अपुरे पडते. आमच्याकडे पावसाळ्याच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यात आदिवासी बायका पानांत बांधलेली रानातली अळंबी बाजारात आणतात, आणि त्या दिवसांत ‘अळंबी आली का?’ असे कोणी विचारले तर त्याचा रोख त्या पुड्यांकडेच असतो. तीच व्यक्ती बाजूच्या दुकानात गेली की मात्र ‘मशरूमचं पाकीट द्या’ म्हणते. म्हणजे बोलण्यात ही विभागणी झालेलीच आहे: रानातली ती अळंबी आणि पाकिटातले ते मशरूम.

रानात जी चविष्ट अळंबी मिळते तिच्यातील बरीचशी वाळवीच्या वारुळांवर येते. वाळवी आपल्या वारुळात ही बुरशी स्वतः जोपासते आणि पाऊस पडला की तिची छत्री जमिनीबाहेर येते. म्हणूनच तिची शेती करणे माणसाला अजून जमलेले नाही. गोव्याकडे वारुळाला ‘रोयण’ म्हणतात आणि तिथल्या अळंबीला ‘रोयणीची अळमी’. विदर्भात ‘सात्या’ आणि ‘टेकोडे’ ही नावे कानी येतात. एवढी नावे असूनही ती सगळी ऋतूला आणि जागेला बांधलेली आहेत. मुंबईत बाराही महिने मिळणाऱ्या वस्तूला त्यांतले एकही सहज चिकटत नाही, ही खरी अडचण आहे.

पुणे (मूळचे परळ)

अडचण आहे खरी, पण ती शेतीच्या क्षेत्रात पूर्वीच सुटलेली आहे, याकडे लक्ष वेधतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात या पिकावर वर्षानुवर्षे काम चालते आणि मराठीतील शेतीविषयक लेखनात ‘अळिंबी’ हाच शब्द रूढ आहे. बटण अळिंबी (पाकिटातले पांढरे मशरूम), धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम), दुधी अळिंबी असे तिचे प्रकार शेतकरी बोलण्यातही सांगतात. हिमाचल प्रदेशातील सोलन येथील अळिंबी संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र १९८३ मध्ये सुरू झाले आणि पुढच्या काळात लागवडीचे हे ज्ञान राज्याराज्यांत पसरले, तेव्हा मराठीने रानातल्या वस्तूचे नाव उचलून लागवडीच्या वस्तूला दिले. भाषेच्या दृष्टीने यात काही गैर नाही, कारण ‘कोंबडी’ हा शब्द आपण अंगणातल्या आणि पिंजऱ्यातल्या अशा दोन्हींसाठी वापरतोच.

जाता जाता एक नोंद. बटण अळिंबीला फळधारणेच्या वेळी साधारण १४ ते १८ अंश सेल्सिअस तापमान लागते. मुंबईत ते निसर्गतः मिळत नाही, म्हणून ती वातानुकूलित खोल्यांत वाढवलेली किंवा थंड प्रदेशातून आलेली असते. दुधी अळिंबीला मात्र ३० ते ३५ अंशांची उष्णता मानवते. कोकणपट्टीला जर एखादी लागवडीची अळिंबी ‘आपली’ म्हणायची असेल, तर ती हीच. दुर्दैवाने मुंबईच्या बाजारात ती क्वचितच दिसते.

गिरगाव

अर्थाची चर्चा झाली, आता व्याकरणाविषयी. मूळ शब्द ‘अळंबे’ हा नपुंसकलिंगी आहे आणि ‘अळंबी’ हे त्याचे अनेकवचन आहे. केळे–केळी तसे अळंबे–अळंबी. त्या हिशेबाने ‘अळंबी चिरली’ या वाक्यात अनेक अळंबी अभिप्रेत आहेत, आणि भाजीचे नाव ‘अळंब्यांची भाजी’ असे व्हायला हवे. पण आज मुंबईत ‘अळंबीची भाजी’ असे सर्रास लिहिले जाते, म्हणजे शब्द स्त्रीलिंगी एकवचनी होऊन बसला आहे. याचे कारण माझ्या मते ‘कोलंबी’. यमक जुळते, दोन्ही वस्तू मसाल्यात घोळून परतल्या जातात, आणि ‘कोलंबीचे सुके’ म्हणणाऱ्या जिभेला ‘अळंबीचे सुके’ म्हणणे सोपे जाते. मी स्वतः ‘अळंब्यांची’ असेच लिहितो. तथापि ‘अळंबीची’ हे रूप आता चुकीचे ठरवण्याच्या पलीकडे गेले आहे, हे मान्य करावे लागते.

एका खोट्या व्युत्पत्तीविषयी सावध करतो. शिजताना अळंबी खूप आळते म्हणून तिला अळंबी म्हणतात, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. ‘आळणे’ हा पालेभाजीपासून बासुंदीपर्यंत सगळीकडे वापरला जाणारा सुंदर शब्द आहे आणि पाककृतीत तो जरूर यावा, पण त्याचा या नावाशी संबंध जोडण्यास ध्वनिसाम्याखेरीज दुसरा आधार नाही.

मुलुंड

‘भूछत्र’ हा शब्द पाककृतीत वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शब्द शुद्ध आहे, अर्थ पारदर्शक आहे, परंतु त्याच्या सावलीला ‘कुत्र्याची छत्री’ उभी आहे. वर्तमानपत्रे शिकवण्या, अनधिकृत बांधकामे आणि खोट्या गुंतवणूक योजना यांच्याविषयी ‘भूछत्रांप्रमाणे उगवलेल्या’ असे इतक्या वेळा लिहितात की, तो शब्द ताटात वाढला तर जेवणारा घास घेण्यापूर्वी थांबेल.

संस्कृतात मात्र या वस्तूकडे पाहण्याच्या अनेक तऱ्हा आढळतात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांदा यांच्या पंक्तीला ‘कवकानि’ बसवून ती द्विजांना वर्ज्य सांगितली आहेत. आजचे विज्ञानलेखन ज्याला ‘कवक’ म्हणते तोच हा शब्द. काही घरांत चातुर्मासात कांदा-लसणाबरोबर मशरूमही बंद होते, त्या प्रथेत या यादीची आठवण असावी असे वाटते. याउलट सुश्रुतसंहितेत भाजीच्या वर्गात यांचा विचार आहे आणि तोही कशावर उगवले यानुसार: पेंढ्यावर, उसावर, शेणावर, वेळूवर आणि जमिनीवर. आजही धिंगरी पेंढ्यावर आणि बटण अळिंबी कुजवलेल्या खतावर वाढवतात, हे पाहता ही वर्गवारी आधुनिक वाटावी अशी आहे. कालिदासाने तर मेघदूतात मेघगर्जनेने धरती ‘उच्छिलीन्ध्रा’, म्हणजे शिलीन्ध्रे वर आलेली, होते असे म्हटले आहे. तेथे ‘शिलीन्ध्र’ म्हणजे कंदली नावाची वनस्पती की भूछत्र, यावर टीकाकारांत मतभेद आहेत. गडगडाट झाला की अळंबी वर येते, ही कोकणात ऐकू येणारी समजूत लक्षात घेतली तर दुसरा अर्थ मला अधिक जवळचा वाटतो.

पवई

मला ‘पौष्टिक’ या शब्दाविषयी लिहायचे आहे, कारण तिसऱ्या सभासदांचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पौष्टिक म्हणजे पुष्टी देणारे, आणि पुष्टी म्हणजे अंग भरणे, वाढ, समृद्धी. धर्मशास्त्रात ‘शांतिक’ आणि ‘पौष्टिक’ कर्मे अशी जोडी येते, तेथेही अर्थ भरभराटीचा आहे. बाळंतिणीला, पहिलवानाला आणि आजारातून उठलेल्याला जे दिले जाई ते पौष्टिक: डिंक, खारीक, तूप, अळीव. या अर्थाने पाहिले तर ताज्या बटण अळंबीत शंभर ग्रॅमला सुमारे ९२ ग्रॅम पाणी, जेमतेम ३ ग्रॅम प्रथिने आणि २२ च्या आसपास कॅलरी असतात. जुन्या अर्थाने ती पौष्टिक नाहीच.

गेल्या काही दशकांत मात्र शहरी बोलण्यात शब्दाचा अर्थ फिरला आहे. ज्यांना अंग भरण्याची नव्हे, तर उतरवण्याची चिंता आहे, त्यांच्या तोंडी पौष्टिक म्हणजे कमी कॅलरींत अधिक पोषकद्रव्ये देणारे. या नव्या अर्थाने अळंबी शब्दाला बऱ्यापैकी उतरते. तिच्यात रायबोफ्लेविन आणि नायसिन ही ब गटातील जीवनसत्त्वे चांगल्या प्रमाणात असतात, पोटॅशियम, तांबे आणि सेलेनियम असते, स्निग्धांश नगण्य असतो. शिवाय तिच्यात नैसर्गिक ग्लुटामेट असल्यामुळे भाजीला एक भरीव चव येते आणि तेल-मीठ थोडे कमी घातले तरी चालून जाते. ‘मटणासारखी लागते’ असे जे म्हणतात त्याचे मूळ बरेचसे येथे आहे.

पण ‘मटणासारखी लागते’ आणि ‘मटणाइतकी प्रथिने असतात’ ही दोन वाक्ये एकमेकांत मिसळली गेली आहेत, आणि पुस्तिकेत तरी ती वेगळी ठेवावीत. अळंबीत पाव ते एक तृतीयांश प्रथिने असतात असे जे आकडे फिरतात ते वाळवलेल्या अळंबीच्या वजनावरचे असतात. २०० ग्रॅमच्या पाकिटात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने येतात. ती भाजी चौघांनी खाल्ली तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड ग्रॅम. त्याच जेवणातल्या एका वाटीभर वरणातून त्याच्या तीन-चार पट प्रथिने सहज मिळतात. त्यातच अळंबीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, म्हणजे कोलंबीच्या आणि खेकड्याच्या कवचात असते तेच द्रव्य. त्यात नायट्रोजन असल्यामुळे केवळ नायट्रोजन मोजून प्रथिने काढली तर आकडा फुगतो. म्हणून मी म्हणेन की अळंबी वरणाच्या किंवा उसळीच्या जोडीला असावी, त्यांच्या जागी नसावी. मटार घालून केलेली अळंबी, किंवा मुगाच्या उसळीत अर्धे पाकीट बारीक चिरून घातलेली अळंबी, हे आपल्या स्वयंपाकाला शोभणारे मार्ग आहेत.

जीवनसत्त्व ड बद्दलही असाच एक अर्धसत्याचा भाग आहे. अळंबीत अर्गोस्टेरॉल असते आणि त्यावर अतिनील किरण पडले की त्याचे जीवनसत्त्व ड२ होते. पण लागवड अंधाऱ्या खोल्यांत होत असल्यामुळे पाकिटातल्या अळंबीत ते फारसे नसते. चकत्या करून काही वेळ थेट उन्हात ठेवल्या तर वाढते. मात्र मुंबईतल्या बंद खिडकीच्या काचेतून आत आलेले ऊन यासाठी निरुपयोगी आहे, कारण आवश्यक ते किरण काच अडवते. गच्ची किंवा गजांबाहेरची कुंड्यांची जागा असेल तरच हा उद्योग करावा.

तात्पर्य शब्दापुरते सांगतो: ‘पौष्टिक’पेक्षा ‘पोषक’ हा शब्द येथे अधिक नेमका बसेल, कारण त्यात पुष्टीचे आश्वासन नाही. आणि दोन्ही गाळून नुसते पदार्थाचे नाव लिहिले तर सर्वांत उत्तम.

वसई

पुस्तिकेत ‘अळंबी’ लिहिणार असाल तर ती दुकानातली असल्याचे एका वाक्यात अवश्य सांगावे, कारण हा शब्द वाचून कोणी सहलीला गेल्यावर रानातून वेचून आणू नये. चांदीचे नाणे काळे पडते, लसूण रंग बदलते, किडे खातात ती आपल्यालाही चालते, या साऱ्या परीक्षा निराधार आहेत. सर्वांत घातक जातींतले विष शिजवल्याने जात नाही आणि त्याची लक्षणे अनेकदा सहा ते चोवीस तासांनी दिसू लागतात, तोवर यकृताला अपाय सुरू झालेला असतो. ‘कुत्र्याची छत्री’ हे नावही कोणत्या एका जातीचे नाही. आपल्या गावात जी खात नाहीत ती, एवढाच त्याचा अर्थ. ज्या बायका पिढ्यान् पिढ्या त्याच रानातून वेचतात त्यांची ओळख वेगळी आणि आपले कुतूहल वेगळे.

डोंबिवली

एक लहानशी शंका. ‘अळंबी ही भाजी आहे’ असे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरेल काय? ती वनस्पती नाही, एवढे शाळेत शिकल्याचे स्मरते.

पवई

वनस्पती नाही, हे खरे. व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पाच सृष्टींच्या वर्गीकरणात कवकांना स्वतंत्र सृष्टी दिली आहे. पण मराठीत ‘भाजी’ हा वनस्पतिशास्त्रातला शब्द नाही, स्वयंपाकघरातला आहे. पोळीशी लावून खाल्ले जाते आणि परतून किंवा रश्श्यात शिजवले जाते ते भाजी. पनीरचीही भाजी होते आणि पापडाचीही होते. वाक्य निर्धास्तपणे ठेवावे.

विलेपार्ले

सर्वांचे आभार. चर्चेनंतर पुढीलप्रमाणे बदल मंडळापुढे ठेवत आहे. शीर्षक ‘अळंबी मसाला’ असे राहील आणि ‘पौष्टिक’ हा शब्द निघेल. साहित्याच्या यादीत ‘बटण अळंबी (मशरूम), २०० ग्रॅमचे एक पाकीट’ असे लिहू, म्हणजे काकूंचाही आक्षेप उरणार नाही आणि दुकानात काय मागायचे तेही कळेल. कृतीतील ‘मशरूम पाणी सोडेपर्यंत शिजवा’ हे वाक्य बदलून ‘अळंबी झाकण न ठेवता मोठ्या आचेवर परतावी, सुटलेले पाणी अंगातच आटून ती आळली की मगच वाटण घालावे’ असे केले आहे. गिरगावच्या काकांचा ‘अळंब्यांची’ हा आग्रह मला मनापासून पटला आहे, पण मंडळाच्या बैठकीत तो टिकेल याची खात्री देत नाही. वाक्यात ‘अळंबी’ हा शब्द अनेकवचनी धरावा की स्त्रीलिंगी एकवचनी, म्हणजे ‘अळंबी आळली की’ आणि ‘ती परतावीत की परतावी’, एवढा एक निर्णय राहिला आहे.

गिरगाव

‘आळली’ हे रूप दोन्हीकडे सारखेच आहे, त्यामुळे तेथे प्रश्न येत नाही. ‘परतावीत’ लिहा. ज्यांना स्त्रीलिंगी वाटते ते ‘परतावी’ असे वाचतील, आणि भाजी दोन्ही रीतींनी तेवढीच होईल.